दोष आढळला नाही

त्याला सगळे ओळंबा म्हणत. खरं नाव दुसरंच होतं, पण ते लाइटच्या बिलावर आणि सासूच्या तोंडी तेवढं उरलं होतं. बाप गवंडी होता. जाताना त्याने पोराला एक पितळी ओळंबा दिला आणि एक वाईट खोड दिली. भिंत असो, कपाट असो की माणूस असो, वाकडं दिसलं की तोंडावर सांगून मोकळं व्हायचं. ओळंबा पेटीत राहिला आणि खोड अंगात राहिली.

पोरगा पुढे गवंडी झाला नाही, घरोघरी डिश बसवणारा फिटर झाला. इतर फिटर गच्चीवर जायचे, खांब ठोकायचे, डिश अडकवायचे आणि मग सिग्नल शोधत तासभर तिला डावीकडे-उजवीकडे फिरवत बसायचे. हा आधी खांबाशेजारी दोरी सोडायचा. खांब दोन्ही बाजूंनी सरळ आहे याची खात्री झाली की मगच डिशला हात लावायचा. "खांब वाकडा असला ना, की डिश फिरवता फिरवता जन्म जाईल," असं सांगायचा आणि दहा मिनिटांत खाली येऊन टीव्हीवर चित्र दाखवायचा. गिऱ्हाईक खूश व्हायचं. बाकीचे फिटर त्याच्यावर जळायचे आणि अडलेल्या कामाला त्यालाच बोलवायचे.

असा सरळ माणूस नऊ वर्षं डूख धरून बसेल, असं कुणाला वाटलं नसतं. पण मला विचाराल तर डूख धरावा सरळ माणसानेच. वाकड्यांना तेवढी सवड कुठे असते? ते पुढच्या वाकडेपणाच्या तयारीत असतात.

त्याचा डूख होता गुळसाहेबांवर. हे नावही फिटर लोकांनीच ठेवलेलं. साहेब कंपनीचे त्या भागातले सुपरवायझर होते आणि त्यांचं बोलणं असं, की रोज ऐकणाऱ्याला मधुमेह व्हावा. कुणाला रजा नाकारली तरी तो माणूस आभार मानून बाहेर पडायचा आणि मग फाटकाशी गेल्यावर त्याच्या लक्षात यायचं, की अरे, रजा तर मिळालीच नाही.

आता त्या धंद्यातली एक रीत सांगितली पाहिजे, कारण सगळं रामायण तिथूनच घडलं. डिश बसवली की तिची एक जॉबशीट भरायची. कुणाच्या घरी, कुठल्या भिंतीवर, किती बोल्ट, सिग्नल किती, आणि खाली फिटरची सही. फिटर दिवसभर गच्च्यांवर. कागद भरायला वेळ कुणाला? म्हणून दर महिन्याच्या सुरुवातीला प्रत्येक फिटर पंचवीस-तीस कोऱ्या शीटवर सह्या करून गठ्ठा साहेबांच्या टेबलावर ठेवायचा. साहेब सवडीने भरायचे. सगळेच द्यायचे, ओळंब्यानेही दिला. खांब बोटभर कलला तर ज्याला जेवण जात नसे, त्याने कोऱ्या कागदांवर फटाफट सह्या ठोकल्या आणि शीळ घालत शिडी उचलली. माणूस शहाणा असतो तो आपापल्या धंद्यापुरताच.

मग ते वादळ झालं. ओळंब्याच्याच गल्लीच्या तोंडाशी एक तीन मजली इमारत होती आणि तिच्या खाली इस्त्रीवालीचं दुकान. तिला सगळी गल्ली मावशी म्हणायची. तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीला लावलेली डिश वाऱ्याने भिंतीतून उपटली आणि सरळ मावशीच्या उजव्या खांद्यावर आली. हाड तीन ठिकाणी मोडलं. ती डिश बसवली होती गुळसाहेबांच्या भाच्याने. त्याला काम शिकून चार दिवस झाले होते आणि त्याने बोल्ट विटेत न घालता पोकळ प्लास्टरमध्ये घातले होते. ती बसवली त्या दिवशी ओळंबा शहराच्या दुसऱ्या टोकाला होता. पण शीटवर सही ओळंब्याची होती.

चौकशीला वरचे तीन अधिकारी आले. ओळंबा ओरडून सांगत होता, की शीट कोरी दिली होती, सगळेच देतात, विचारा कुणालाही. विचारलं. बाकीचे फिटर बुटांकडे पाहत राहिले, कारण हो म्हणावं तर त्यांचीही नोकरी जाणार. गुळसाहेबांनी चष्मा लावला, शीट वाचली, चष्मा काढून पुसला आणि अत्यंत दुःखी आवाजात म्हणाले, "सही तर तुझीच आहे रे बाळा."

झालं. खापर फुटलं. नोकरी गेली, ते एक वेळ ठीक. पण मावशीचा उजवा हात खांद्याच्या वर जाईना झाला. ती डाव्या हाताने इस्त्री करायला शिकली. ओळंबा तिला भेटायला दवाखान्यात गेला तर तिने भिंतीकडे तोंड फिरवलं. नंतर दुकानावर गेला, तेव्हा ती चार गिऱ्हाइकांसमोर म्हणाली, "तुझ्या हातात अवजार देतात तरी कोण?" तो रोज त्या दुकानावरून जायचा, ती रोज हातातलं काम थांबवून त्याच्याकडे पाहायची, आणि तो दिसेनासा झाला की पुन्हा कामाला लागायची. नऊ वर्षं. त्याने स्वतःचं दुरुस्तीचं दुकान टाकलं, ते बरं चाललं, मुलीचं शिक्षण झालं, पण गल्लीच्या तोंडाशी आलं की त्याच्या मानेत खिळा ठोकल्यासारखं व्हायचं. त्याला दुसरं काही नको होतं. मावशीला एकदा कुणीतरी खरं सांगावं, एवढंच हवं होतं. आणि ते सांगू शकणारा माणूस जगात एकच होता.

त्या माणसाला ओळंब्याने मनातल्या मनात किती वेळा गच्चीवरून उलटा टांगला असेल, त्याची गणती नाही.

एका उन्हाळ्यात दुकानावर एका बाईचा फोन आला. "दादा, आमच्या टीव्हीचं चित्र सारखं फुटतंय. बघून जाता का?" पत्ता नव्या वसाहतीतला होता. ओळंबा पेटी घेऊन गेला, बेल वाजवली, आणि दार उघडलं ते गुळसाहेबांनी.

केस पांढरे झाले होते, पोट उतरलं होतं, पण आवाज तोच. "अरे! आपला ओळंबा! ये ये ये. सूनबाई म्हणाली मेकॅनिक येतोय, मला काय माहीत घरचाच माणूस येतोय! पाणी घेतोस?"

ओळंब्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याने नऊ वर्षांत या भेटीच्या शंभर तऱ्हा मनाशी रंगवल्या होत्या. साहेब दार लावून घेतील, थरथरतील, पाया पडतील, उलटे अंगावर येतील. पण हा माणूस लाजलासुद्धा नाही! चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. जणू दोघं मिळून कुठेतरी सहलीला गेले होते आणि आता फोटो बघायचे बाकी होते.

"पाणी नको," ओळंबा म्हणाला. "गच्ची कुठे आहे?"

गच्चीवर दोष लगेच सापडला. डिशच्या तोंडाशी केबल जोडणाऱ्या कनेक्टरमध्ये पाणी शिरून आतली तांब्याची तार हिरवी पडली होती. पाच मिनिटांचं काम. तार कापायची, सोलायची, नवा कनेक्टर लावायचा. ओळंब्याने तार कापली, सोलली, नव्या कनेक्टरसाठी पेटीत हात घातला, आणि तो हात औषधाच्या एका रिकाम्या डबीवर थांबला.

त्या डबीत एक कनेक्टर होता. दोन वर्षांपूर्वी एका घरी चार खेपा घालून त्याने तो पकडला होता. दिसायला नवाकोरा, पण आत केसाएवढी भेग. ऊन तापलं की धातू पसरायचा, भेग उघडायची आणि सिग्नल तुटायचा. ऊन उतरलं की भेग मिटायची आणि सगळं झकास चालायचं. मीटर लावा, हलवून बघा, काही सापडणार नाही. असला साळसूद चोर क्वचित मिळतो म्हणून त्याने तो फेकला नव्हता.

ओळंब्याने तो कनेक्टर लावला. आयुष्यात पहिल्यांदा त्याने जाणूनबुजून वाईट काम केलं, आणि ते अतिशय सुबक केलं. वर टेपसुद्धा गुंडाळली.

गुळसाहेबांची बायको चार वर्षांपूर्वी गेली होती. मुलगा आणि सून नोकरीला सकाळी बाहेर पडायचे ते संध्याकाळी सहाला परतायचे. दुपारभर साहेब एकटेच. जेवण करून आरामखुर्चीत बसायचं आणि एक ते चार जुने सिनेमे बघायचे, हा त्यांचा नेम. दुसऱ्याच दिवशी दीडच्या सुमाराला नायिका गाणं म्हणता म्हणता गोठली आणि पडद्यावर पाटी आली, सिग्नल उपलब्ध नाही. साहेबांनी बॉक्स बंद केला, दहा मिनिटं थांबले, चालू केला. वायरी दाबून पाहिल्या. कार्ड काढून रुमालाने पुसून घातलं. सुपरवायझर होते, सगळे उपाय तोंडपाठ होते. काही झालं नाही. संध्याकाळी मुलगा आला, त्याने रिमोटचं बटण दाबलं, आणि चित्र आरशासारखं स्वच्छ.

"बाबा, चालू आहे की!"

"दुपारी नव्हता रे."

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. ओळंब्याला बोलावणं आलं. "दुपारी जमणार नाही साहेब, दुकानात गर्दी असते. साडेसहाला येतो." साडेसहाला मुलगा-सुनेसमोर त्याने मीटर लावलं. सिग्नल ब्याण्णव. सगळे चॅनेल एकेक करून दाखवले. मग शीट काढली आणि स्वच्छ अक्षरात लिहिलं: तपासणी केली. दोष आढळला नाही. खाली सही, तारीख, वेळ. ही शीट त्याने स्वतः भरली.

साहेब हुशार होते. पुढच्या खेपेला त्यांनी पडद्याचा फोटोच काढून ठेवला होता. मुलाने तो ओळंब्यापुढे धरला. ओळंब्याने क्षणभर विचार केला आणि अगदी साहेबांच्याच थाटात, गोड आवाजात म्हणाला, "घरोघरी होतं हे. रिमोटवर हे बटण आहे ना, चुकून दाबलं गेलं की टीव्ही डिश सोडून दुसरीकडे बघायला लागतो. मग सिग्नल नाही म्हणणारच. वयस्कर माणसांचं होतं असं. त्यांच्या लक्षात राहत नाही." त्याने पेटीतून टेपचा तुकडा काढला आणि त्या बटणावर चिकटवून दिला.

"मी ते बटण दाबलेलं नाही," गुळसाहेब म्हणाले.

"बाबा, असू दे ना आता," मुलगा म्हणाला.

जिना उतरताना ओळंब्याच्या मनात उकळ्या फुटत होत्या. 'मी केलेलं नाही.' हेच तीन शब्द! हेच तो चौकशीच्या खोलीत घसा फोडून सांगत होता. आता म्हण, बाळा. म्हण म्हण, किती म्हणायचं ते म्हण, आणि बघ कोण ऐकतं. त्या रात्री तो दोन पोळ्या जास्त जेवला.

नशीबही त्याच्या बाजूने होतं. एका रविवारी मुलगा मुद्दाम दुपारभर टीव्हीसमोर बसून राहिला. नेमकं त्या दिवशी आभाळ भरून आलं, गच्ची तापलीच नाही, आणि टीव्ही चार तास न अडखळता चालला. साहेब पडद्याकडे पाहत होते आणि मुलगा साहेबांकडे पाहत होता. त्याच आठवड्यात त्याने वडिलांना डॉक्टरांकडे नेलं.

त्यानंतर एकेक गोष्ट साहेबांच्या हातातून निघत गेली. सुनेने दुपारचा चहा थर्मासमध्ये भरून ठेवायला सुरुवात केली आणि गॅसची चावी स्वतःच्या पर्समध्ये ठेवली. एकट्याने बाहेर जायचं नाही असं ठरलं. बँकेची, दाराची, कपाटाची, कसलीच गोष्ट त्यांना विचारली जाईना. साहेब काही बोलले की मुलगा आणि सून एकमेकांकडे पाहायचे आणि मग मोठ्याने, सावकाश, लहान मुलाशी बोलावं तसं बोलायचे. ओळंब्याला हे सगळं कळत होतं, कारण साहेब दर आठ-दहा दिवसांनी त्याला बोलावत होते आणि तो दर वेळी संध्याकाळी जाऊन लिहून देत होता, दोष आढळला नाही. अशा चार शीट झाल्या.

त्याने बायकोला सांगितलं तेव्हा ती आधी पोट धरून हसली. नऊ वर्षं तिनेही सोसलं होतं. पण औषधाच्या गोळ्या सुरू झाल्याचं ऐकल्यावर ती हसायची थांबली.

"अहो, पुरे आता. काढून टाका ते."

"का? माझी गेलेली नऊ वर्षं कुणी काढून टाकली?"

"त्याने तुमची नोकरी खाल्ली. तुम्ही त्याचं डोकं खाताय."

"खाऊ दे," ओळंबा म्हणाला आणि पाटावरून उठला.

पाचव्या खेपेला दार मुलाने उघडलं आणि ओळंब्याला बाजूला घेऊन म्हणाला, "तपासल्यासारखं करा फक्त. त्यांचं समाधान." आणि तो फोनवर बोलायला आतल्या खोलीत गेला. गुळसाहेब आरामखुर्चीत बसले होते. शर्टाच्या खिशाला सेफ्टी पिनेने एक चिठ्ठी लावली होती. त्यांनी ती ओळंब्याला दाखवली.

"पत्ता लिहिलाय. हरवलो तर." ते हसायला गेले, पण जमलं नाही. "ओळंब्या, तू या धंद्यातला सगळ्यात चांगला माणूस. मला खरं सांग. दुपारी टीव्ही बंद पडतो का, की मलाच तसं वाटतं?"

हा क्षण त्याने मागितलासुद्धा नव्हता, इतका तो चांगला होता.

"एकदा दुपारी ये रे बाबा. एकदाच. आणि त्यांना सांग, की म्हातारा खोटं बोलत नाही. तुझं ते ऐकतील. माझं आता कुणी ऐकत नाही."

"येईन," ओळंबा म्हणाला. "दुपारी येईन, तुमच्या मुलाला गच्चीवर नेईन, दोष हातात काढून दाखवीन. पण आधी तुम्ही माझ्याबरोबर इस्त्रीवालीकडे यायचं आणि तिला सांगायचं, ती डिश कुणी लावली ते."

त्याला वाटलं, साहेब विचारतील, कुठली इस्त्रीवाली? कसली डिश? विसरले असतील तर निदान एवढं तरी समाधान, की नीचपणा नव्हता, नुसता निष्काळजीपणा होता. पण साहेब म्हणाले, "तिसरा मजला, गॅलरीची डावी भिंत. माझ्या भाच्याने लावली. बोल्ट प्लास्टरात होते, डिश पडली त्याच दिवशी मी जाऊन पाहिलं होतं. शीट मी भरली, निळ्या पेनने. ती लावली त्या दिवशी तू पाण्याच्या टाकीपलीकडच्या शाळेत कामाला होतास."

सगळं आठवत होतं! शाळासुद्धा!

"मग बोलला का नाहीत?" ओळंब्याचा आवाज चिरकला.

"भाच्याचं लग्न ठरलं होतं रे. आणि बहीण माझी एकुलती." साहेबांनी खिशाची चिठ्ठी सारखी केली. "शिवाय तू सरळ माणूस. म्हटलं, सोसशील."

त्या एका वाक्यासाठी ओळंब्याने त्यांना खुर्चीसकट खिडकीतून फेकलं असतं. पण त्याला ते जिवंत आणि बोलते हवे होते. साहेब यायला कबूल झाले, तसा त्याने हिशोब मनात पक्का केला. शनिवारी सकाळी साहेब मावशीसमोर बोलणार. शनिवारी दुपारी आपण गच्चीवर जाणार, कनेक्टर काढणार, आणि मुलाला दाखवणार, की बघा, उन्हाने तडकला, आता सापडला. साहेब घरात पुन्हा साहेब, आपण गल्लीत पुन्हा सरळ माणूस, आणि कनेक्टर कुणी लावला हे कुणालाच कळायचं कारण नाही. त्यात वाकडं कुठे काही दिसत नव्हतं.

शनिवारी मुलगाही बरोबर आला, कारण साहेबांना एकटं सोडत नव्हते. ओळंब्याला उलट बरंच वाटलं. साक्षीदार घरचा असलेला चांगला. वेळ त्याने अकराची निवडली होती, कारण त्या वेळी मावशीकडे सगळ्यात जास्त माणसं असतात. गठ्ठे घेऊन आलेल्या दोन बायका होत्या, शेजारचा टेलर दारात उभा होता, समोरचा किराणावालाही कान टवकारून होता. ओळंबा नऊ वर्षांत पहिल्यांदा त्या दुकानाची पायरी ताठ मानेने चढला.

"मावशी, हे आमचे जुने साहेब. यांना तुमच्याशी बोलायचंय."

मावशीने डाव्या हातातली इस्त्री उभी करून ठेवली. गुळसाहेब पुढे झाले आणि खरंच बोलले. त्यांच्या त्या जुन्या, घोळून घोळून बोलण्यात, पण एक शब्द न चुकता. डिश याने लावली नव्हती. माझ्या भाच्याने लावली. कागद मी भरला. हा ओरडून सांगत होता तेव्हा मी खोटं बोललो. तुमच्या हाताला हा जबाबदार नाही, मी आहे. त्यांनी हात जोडले. टेलरने तोंडातली टाचणी बाहेर काढली. ओळंब्याला समोरचं नीट दिसेना, डोळे भरले होते.

मावशीने साहेबांना न्याहाळलं. तिची नजर चेहऱ्यावरून खाली आली आणि खिशाला टाचलेल्या चिठ्ठीवर थांबली. मग तिने मुलाला विचारलं, "हे काय?"

मुलगा ओशाळला. पुढे होऊन त्याने वडिलांचा दंड धरला आणि खालच्या आवाजात म्हणाला, "मावशी, मनावर घेऊ नका. बाबांचं हल्ली लक्षात राहत नाही. महिनाभर औषध चालू आहे. कुणी काही भरवलं की त्यांना तेच खरं वाटायला लागतं." आणि त्याने ओळंब्याकडे असं पाहिलं, की ते भरवणारा कोण हे कुणाला विचारायची गरज उरली नाही.

मावशीचा चेहरा बदलत गेला. "म्हणजे," ती ओळंब्याला म्हणाली, "वेड्या माणसाला पढवून आणलंस?"

"साहेब!" ओळंबा ओरडला. "साहेब, सांगा ना! शाळेचं सांगा. निळं पेन सांगा!"

गुळसाहेब गोंधळून मुलाकडे पाहू लागले. मुलाने मान हलवली, अगदी हळू, समजुतीने. "मला तर तसंच आठवतं," ते पुटपुटले. "पण मला टीव्हीचंही तसंच वाटत होतं." मग मावशीकडे वळून अपराधी आवाजात म्हणाले, "असेल. माझंच चुकत असेल."

"काही चुकत नाही त्यांचं!" ओळंब्याने मुलाचा हात झिडकारला. "त्यांचं डोकं तुमच्या-माझ्यापेक्षा शाबूत आहे. टीव्ही दुपारी खरंच बंद पडतो!"

"तुम्हीच चार वेळा लिहून दिलंत की दोष नाही," मुलगा म्हणाला. आता त्याचा आवाज चढला होता. "घरी आहेत ते कागद. आणू?"

ओळंब्याने आजूबाजूला पाहिलं. दोन बायका, टेलर, किराणावाला, मुलगा, म्हातारा आणि मावशी. सगळे त्याच्याच तोंडाकडे पाहत होते. गप्प राहिला असता तर म्हातारा वेडा ठरत होता आणि वेड्याच्या शब्दाला किंमत नव्हती. त्याला शहाणा ठरवायचा एकच मार्ग होता.

"दोष होता!" तो म्हणाला. "मीच घातला होता. मुद्दाम, माझ्या हाताने, तडकलेला कनेक्टर लावला आणि वर टेप गुंडाळली. दुपारी बंद पडावा आणि संध्याकाळी कुणाला सापडू नये म्हणून. चारही वेळा मी खोटं लिहिलं. बास?"

मुलाच्या हातातून वडिलांचा दंड सुटला. गुळसाहेब ओळंब्याकडे पाहत होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, नुसतं सुटल्यासारखं वाटत होतं. मी वेडा नाही, ते मुलाला म्हणाले. ऐकलंस ना? मी वेडा नाही. मुलाने त्यांच्या खिशाची पिन काढली.

ओळंबा मात्र मावशीकडे पाहत होता. आता तरी. आता तर म्हातारा शहाणा ठरला होता, त्याचा शब्द खरा होता, भाचा खरा होता, सगळं खरं होतं.

मावशीने डाव्या हाताने इस्त्री उचलली.

"म्हणजे तू लोकांच्या घरी मुद्दाम वाईट काम करतोस आणि कागदावर खोटं लिहितोस," ती म्हणाली. "मग नऊ वर्षं मी वेगळं काय म्हणत होते?"

आणि तिने पुढचा शर्ट फळीवर पसरला.